उंबऱ्याबाहेरची वेल

परवा आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी एक फोटो टाकला. कंपाऊंडवर चढलेली गच्च हिरवी वेल, तिच्यावर जांभळ्या फुलांचे घोस, आणि खाली प्रश्न : ही कोणती वेल? बारमाही हिरवी राहते का? आम्हाला गेटवर लावायची आहे. झालं! ज्यांनी जन्मात कुंडीत कोथिंबीर लावली नाही त्यांनीसुद्धा उत्तरं दिली. कुणी मधुमालती म्हणालं, कुणी कृष्णकमळ, एकाने तर बोगनवेल म्हणून ठोकून दिलं. मला उत्तर येत होतं. मी तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं. शेवटी फोन उपडा ठेवला आणि ब्लाउजची हातशिलाई घेऊन बसले.

लसण्या वेल म्हणतात तिला. तशी वास नसलेली, गुणी वेल. पण पान चुरगाळलं की कच्च्या लसणाचा वास येतो, अगदी आत्ता पाकळी ठेचल्यासारखा. आणि मी ती पहिल्यांदा पाहिली ती मगदूम आक्कांच्या मागच्या दारावर. त्या घराच्या उंबऱ्याच्या आत लसूण कधी गेलेला नव्हता.

आक्का आमच्या शेजारीण. कळंब्याला, तलावाच्या अलीकडे, त्यांची आणि आमची परसाची भिंत एक. त्या जैन, मूळच्या मुरगूडकडच्या, आम्ही मराठे. आमच्याकडे रविवारी तांबडा-पांढरा रस्सा, त्यांच्याकडे कांदासुद्धा नाही. एकवीस वर्षांत आमचं भांडण झालं नाही असं म्हणाले तर देव माझी जीभ झाडील. दर आठवड्याला व्हायचं. पण भांडण संपतंय न संपतंय तोवर भिंतीवरून ताकाचा तांब्या यायचा, त्यामुळे राग धरायला सवडच मिळायची नाही.

उंच, काटकुळी बाई. डोक्यावर पदर, चष्म्याला दोरा, आणि चालताना नजर कायम जमिनीवर. नव्या माणसाला वाटायचं, ह्यांचं काहीतरी पडलंय. पडलं काही नव्हतं, मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून ते. परसात मुंग्यांची रांग लागली की आक्का हातात खराटा घेऊन थांबायच्या. "चला की बायांनो, आटपा. मला झाडायचं हाय." आणि रांग संपेपर्यंत खरोखर उभ्या राहायच्या. नळाच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं. जेवण दिवस मावळायच्या आत. दिवा लागला की तोंड बंद. "खायाला बंद, बोलायला न्हाई," असं मी म्हणायची, आणि त्या भिंतीवरून हात उगारायच्या.

"जीव हाय त्याला" हे त्यांचं पालुपद. मुंगीला जीव हाय, पानाला जीव हाय, हे ठीक. पण एकदा माझी शिलाई मशीन अडली म्हणून मी तिला रागानं थापट मारली, तर आक्का पलीकडून ओरडल्या, "शोभे, हळू! जीव हाय तिला."

"मशीनला?"

"तेल मागत्या न्हवं? मग हाय."

मी उठून मशीनला तेल घातलं.

आता अजितचं सांगायला हवं. ते सांगितल्याशिवाय वेल कळायची नाही.

आक्कांना दोन मुलं. सुनंदा थोरली, लग्न होऊन सांगलीला. अजित धाकटा. वडील लवकर गेल्यामुळे आईच्या डोळ्यापुढे वाढलेला, आईला 'आव्वा' म्हणणारा. शिकून फौंड्रीत लागला. सव्वीस वर्षांचा धिप्पाड गडी, आणि एकच व्यसन : माझी लसणीची चटणी. कच्चा लसूण, लाल तिखट, मीठ, थोडे भाजलेले शेंगदाणे, खलबत्त्यात कुटलेली, वर कच्च्या तेलाची धार. पाळी सुटली की आधी माझ्या मागच्या पायरीवर यायचा. "काकू, कुटली का?" दोन भाकऱ्या हाणायचा आणि मग घरी जाऊन आईच्या हातचं परत जेवायचा. माझ्या हाताची तारीफ करणारं दुसरं माणूस आमच्या घरात नव्हतंच, त्यामुळे मीही वाढत राहिले.

घरी जायच्या आधीचा तमाशा बघण्यासारखा असायचा. आक्कांच्या मागच्या दाराबाहेर एक मोरी होती. तिथे अजित चूळ भरायचा आणि आक्का दारात उभ्या राहायच्या. "हा कर." एवढा मोठा बाप्या, पण तोंड उघडून आईपुढे वाकायचा. आक्का वास घ्यायच्या.

"आनि भर."

परत चूळ. परत वास. दोन-तीन तांबे झाले की उंबरा ओलांडायची परवानगी मिळायची. "कुटं खाल्लास?" असं आक्का दर वेळी विचारायच्या आणि तो दर वेळी सांगायचा, "दोस्ताच्या डब्यातलं, आव्वा." माझं नाव त्यानं एकदाही घेतलं नाही. मी भिंतीअलीकडे तोंडावर पदर धरून हसायची.

त्या दिवशीही ऐकत होते. भाद्रपद होता, त्यांचे पर्वाचे दिवस, आक्कांचा उपास. आणि हे मी आता नीट लिहिते, कारण पुष्कळ वर्षं गिळून बसले होते. त्या दिवशी अजितनं चटणी मागितली नव्हती. पर्व आहे म्हणून तो सरळ घरात चालला होता. मीच भिंतीवरून हाक मारली, "अज्या, ताजी कुटलीय, ये की." तो क्षणभर थांबला आणि आला.

मग मोरी, तांब्या, चूळ. आक्कांनी वास घेतला आणि आवाज चढला. "आजच्या दिवशी बी?" तीन तांबे झाले, चार झाले. "न्हाई. आज आत येऊ नकोस. वास जाईस्तवर उंबरा वलांडू नकोस."

अजित हसला. त्याला रागच यायचा नाही कशाचा. "बरं आव्वा, तळ्यावर वारं खाऊन येतो. वास उडून जाईल." गाडीला किक मारल्याचा आवाज मी ऐकला. भुरभुर पाऊस होता. तलावाच्या वळणावर गाडी घसरली.

दवाखान्यातून त्याला आणलं ते अंगणातच ठेवलं. आमच्याकडे रीतच आहे, चिरफाड झालेलं माणूस घरात नेत नाहीत. आक्का रडल्या नाहीत. उंबऱ्यावर बसून एकसारख्या एवढंच म्हणत होत्या, "आत घ्या की रं त्याला. आत घ्या." जाणती माणसं समजावत होती, "आक्का, तसं करत न्हाईत." शेवटी अंगणातूनच उचललं. तो आत गेलाच नाही.

त्यानंतर मला चटणी कुटवेना. नवऱ्याने विचारलं तर हात दुखतो म्हणून सांगितलं.

वर्ष गेलं असेल. एक दिवस हातगाडीवर रोपं विकणारी बाई गल्लीत आली. आक्कांनी तिच्याकडून एक रोप घेतलं, हातभर काडी आणि चार चकचकीत पानं. "फुलं जांभळी येत्यात, पान बाराही म्हयने हिरवं," असं ती म्हणाली होती म्हणे. आक्कांनी ते नेमकं मोरीजवळ लावलं. मी म्हणाले, "आक्का, पुढं लावा की गेटला, शोभा येईल. इथं मोरीपाशी कोण बघतंय?"

"हितं कायम वल असायची," आक्का म्हणाल्या. "चुळीच्या पाण्याची. आता वाळून कोळ झालाय. बघवत न्हाई."

मी गप्प बसले. मी गप्प बसण्याचे प्रसंग माझ्या आयुष्यात फार नाहीत, म्हणून लक्षात आहे.

त्या वेलीला त्यांनी जे केलं ते पोटच्या पोराला करावं तसं. पाणी गाळून. तांदळाचं धुवण थंड करून. आधाराला जुन्या साड्यांच्या चिंध्या, त्याही मऊ, सुती. सुतळी नको, ती वेलीला काचते म्हणून. आमच्या ह्यांना बागेचा नाद आहे. ते भिंतीवरून सांगायचे, "आक्का, फुलून गेल्यावर छाटा. नव्या फुटीला फूल जास्त येतं." आक्का कानावर हात ठेवायच्या. "हात छाटला तर तुमाला जास्त बोटं येत्यात व्हय?" त्यांनी तिचं एक पान कधी तोडलं नाही. वाळलं पान आपोआप पडेपर्यंत थांबायचं. फूलसुद्धा देवाला वाहायचं ते खाली पडलेलं.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या आसपास वेल फुलली आणि अशी फुलली की पलीकडच्या गल्लीतली माणसं बघायला आली. फूल उमलताना गडद जांभळं, मग फिकं, मग पांढरट, आणि तिन्ही रंग एकाच घोसात. त्यातलेच एक निवृत्त साहेब सकाळी फिरायला निघाले की मागच्या बोळातून हात घालून पिशवी भरायचे, देवासाठी. आक्कांनी एके सकाळी त्यांचा हात पकडला. म्हणजे खरोखर मनगट पकडलं.

"पावणं, काय चाललंय?"

"अहो, देवाला हवीत."

"मग खाली पडल्यात ती घ्या की. देवाला काय तोडलेलीच लागत्यात? त्यानंच सांगितलंय व्हय तुमाला, माजी मान मुरगाळून आना म्हणून?" साहेब त्या दिवसापासून तलावाकडून फिरून यायला लागले.

हसायचे दिवस परत आले असं मला वाटायला लागलं होतं. तोच ते सुरू झालं.

श्रावण होता. श्रावणात आमच्या घरात लसूण बंद असतो. संध्याकाळी आक्का भिंतीपाशी आल्या. तोंड पांढरं पडलेलं. "शोभे, लसूण कुटलास?"

"श्रावणात? काय डोकं फिरलंय का माझं?"

त्या परत गेल्या. दुसऱ्या दिवशी तीच वेळ, तोच प्रश्न. तिसऱ्या दिवशी मी वैतागले. "आक्का, फोडणीचा वास असेल कुणाच्या तरी. चार घरं आहेत आजूबाजूला."

"फोडणीचा मला रोज येतोय. ह्यो त्यो न्हवं," आक्का म्हणाल्या. "ह्यो कच्चा हाय. तोंडाचा हाय."

कच्चा लसूण म्हणजे काय, हे त्या बाईला एकाच ठिकाणाहून ठाऊक होतं. तिनं तो कधी हातात घेतला नव्हता, सोलला नव्हता. तिच्या लेखी तो वास भाजीचा नव्हता, मसाल्याचा नव्हता. तिच्या पोराच्या तोंडाचा होता.

"अजित येतोय गं," त्या हळूच म्हणाल्या. "दिवस मावळताना. दारापर्यंत येतोय. आत येत न्हाई. मीच म्हटलंय न्हवं, येऊ नकोस म्हणून."

त्या रात्री मी ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "अगं, लसण्या वेल आहे ती. मला पानावरूनच कळलं होतं." असे आमचे हे! दोन वर्षं पोटात ठेवून बसले. सकाळी आक्का बस्तीला, म्हणजे त्यांच्या देवळाला गेल्यावर मी मागच्या बोळातून त्यांच्या परसात गेले. बघते तो काय, आक्कांचं मागचं दार पत्र्याचं, बाहेर उघडणारं. वेलीची एक लांब फांदी वाढत वाढत दाराच्या मागे उतरली होती. अजित गेल्यापासून आक्का दररोज दिवेलागणीला ते दार सताड उघडायच्या. दार भिंतीवर आपटायचं आणि मधली पानं चिरडायची. दार उघडलं की वास. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मी एक पान तोडून चोळलं. नाकाशी नेलं. चटणी माझ्या हातची, वास माझ्या हाताला.

सांगायला हवं होतं. पण मला ते बरं वाटेना आणि ते उघड बोलायची हिंमतही होईना. मग मी आपलं अर्धवट शहाणपण केलं. ती फांदी दारामागून काढली आणि वर चिंधीनं बांधून टाकली. म्हटलं, वास थांबेल, बाई हळूहळू विसरेल.

संध्याकाळी आक्कांनी दार उघडलं. वास नाही. त्या पायरीवर बसल्या. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. त्यांचं ताट आत झाकलेलं तसंच होतं. दिवस कलला, मावळला, अंधार पडला, तरी त्या बसलेल्याच. मावळल्यावर जेवण नाही, म्हणजे त्या दिवशी उपाशीच. मी गेले तर म्हणाल्या, "आज आला न्हाई. वाट बघून दमला आसंल. किती दिवस बाहीर हुबा ऱ्हायचं त्यानं तरी?"

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले, चिंधी सोडली आणि ती फांदी माझ्या हातानं परत दारामागे सारली. बरोबर केलं की चूक ते देवाला ठाऊक. पुढे दोन वर्षं मी ते करत राहिले. एक फांदी चिरडून वाळली की दुसरी आणून तिथे अडकवायची. आक्का बस्तीला गेल्या की पाच मिनिटांचं काम.

आणि संध्याकाळी भिंतीपलीकडून आवाज यायचा, "ये बाळा. आत ये. मी काय म्हणत न्हाई." मग बराच वेळ काही नाही. मग दार लावल्याचा आवाज. आक्का म्हातारीच्या मनानं ठणठणीत होत्या, बाजाररहाट करत होत्या, मुंग्यांशी बोलत होत्या. फक्त त्या एका तासाला सगळं थांबायचं. वास आत येत नाही, उंबऱ्यापाशी विरतो, एवढंच त्यांचं दुःख उरलं होतं. "त्यानं एकदा आत यावं, बस्स," असं त्या म्हणायच्या. "मग मी काय बी मागणार न्हाई."

गेल्या वर्षीच्या आधीच्या दिवाळीला सुनंदा आली. तोवर वेलीनं मागची सगळी भिंत, मोरी, पत्रा गिळला होता. त्यात तिला सापाची कात दिसली. सुनंदा पोरगी चांगली आहे, पण तिला कशाचाही सोक्षमोक्ष लगेच लावायचा असतो. आक्का सकाळी बस्तीला गेल्या तसा तिनं माळी बोलावला. मी बाजारात होते. परत आले तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच वास आला. कोयता चालला होता. गाडाभर हिरवा पाला ढिगानं पडलेला, आणि असा वास, असा वास, की एखाद्या लग्नाच्या आचाऱ्यानं पोतंभर लसूण एकदम ठेचावा.

मी "थांब, थांब" म्हणत धावले, पण आक्का माझ्या आधी पोहोचल्या होत्या. पुढच्या दारानं आत शिरल्या होत्या. चपला पायातच. मी मागून गेले तर त्या एकेका खोलीत फिरत होत्या. सोप्यात वास, स्वयंपाकघरात वास, देवघरातसुद्धा वास. आणि आक्कांचं तोंड! मी त्यांना तसं हसताना अजित गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

"आला गं शोभे," त्या म्हणाल्या. "आत आला. समद्या घरात फिरतोय बघ."

भिंतीला उभा केलेला पाट त्यांनी ओढला आणि ताट मांडायला घेतलं. सुनंदा मागच्या दारात उभी होती. तिला काही कळेना. तिच्या मागून माळी डोकावला. बिचाऱ्याला काय ठाऊक? तो हसत म्हणाला, "आजी, वास सोसंना व्हय? लसणीची वेल हाय न्हवं ही. कापली की घमघमणारच."

आक्कांचा हात ताटावर तसाच राहिला.

मग त्या उठल्या, मागच्या दारानं बाहेर आल्या आणि ढिगाऱ्यापाशी उभ्या राहिल्या. खाली वाकून एक पान उचललं. पान न तोडणारी ती बाई; तिनं ते दोन तळव्यांमध्ये धरलं आणि चोळलं. नाकाशी नेलं. बराच वेळ तसाच हात धरला. मग माझ्याकडे बघितलं.

"तुला म्हाईत होतं?"

"व्हय, आक्का."

"कवापास्नं?"

"पहिल्या श्रावणापास्नं."

मला वाटलं आता शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या. त्या दिल्या नाहीत तेव्हा माझा बांध फुटला आणि मी उरलेलं सगळं ओकले. "आक्का, चटणी माझी होती. त्या दिवशी तो सरळ घरात चाललेला. मी हाक मारली. मीच."

"म्हाईत हाय," आक्का म्हणाल्या. "तुज्या खलबत्त्याचा आवाज मला ऐकू येत न्हवता व्हय? रोज यायचा. त्या दिवशी बी आलता."

"मग बोलला का न्हाईत इतकी वर्षं?"

"काय बोलायचं? तू त्याला खायाला घातलंस. मी बाहीर ठेवलं."

सुनंदा पायरीवर बसून रडायला लागली. माळ्यानं कोयता खाली ठेवला. आक्कांनीच मग त्याला पाणी दिलं, गाळलेलं, आणि म्हणाल्या, "बूड ऱ्हाऊ दे तेवडं, पावणं. जीव हाय त्याला."

त्यानंतर मागचं दार उघडलं नाही. दिवेलागणीला मी मशीन थांबवून कान देत असे, पण पलीकडे सगळं गार. सुनंदानं आईला सांगलीला न्यायचं ठरवलं. आक्का नाही म्हणाल्या नाहीत आणि हो म्हणाल्या नाहीत. दोन पेट्या भरल्या गेल्या. मी शेवग्याच्या शेंगा घेऊन जायची, मुळ्याचा पाला घेऊन जायची, त्या "ठेव" म्हणायच्या. मला धरून दोन शिव्या हासडा असं मी मनात म्हणत होते.

सांगलीची गाडी सकाळी यायची होती. आदल्या दिवशी दुपार कलताना भिंतीवरून हाक आली.

"शोभे, चटणी कुट."

मी भिंतीपाशी गेले. "कुणाला?"

"कुट म्हटलं न्हवं? दिवस मावळायच्या आत दे."

खलबत्ता माळ्यावर टाकला होता, तो काढला, धुतला. लसूण सोलला. किती वर्षांनी कुटत होते! शेंगदाणे जास्त पडले, मीठ कमी पडलं, परत नीट केली. वाटीत काढली आणि मागच्या बोळातून गेले. मोरीजवळ वेलीच्या बुडाला तांबूस कोंब फुटले होते, बोटभर. पत्र्याचं दार सताड उघडं होतं. त्याच्या मागे आता काही नव्हतं.

सवयीनं मी उंबऱ्याबाहेर थांबले आणि वाटी पायरीवर ठेवली.

"तितं नगं," आक्का आतून म्हणाल्या. "आत आण."

स्वयंपाकघरात दोन पाट समोरासमोर मांडले होते. दोन ताटं. भाकरी त्यांनी केली होती, बाजूला मुगाची आमटी, भात, दही. त्यांच्या पाटासमोरच्या ताटात डाव्या बाजूची चटणीची जागा रिकामी ठेवली होती. "वाढ," त्या म्हणाल्या. मी वाढली. वर तेलाची धार घातली, त्याला लागायची तशी, जरा जास्त. सगळं स्वयंपाकघर वासानं भरून गेलं. आक्कांनी पदर नाकाला लावला नाही.

मला राहवलं नाही. "आक्का, तो यायचा न्हाई. तुमाला ठाऊक आहे ना?"

"येडी हाय व्हय मी?" त्या माझ्यावर खेकसल्या, अगदी पहिल्यासारख्या. "वास पानाचा हुता त्ये कळलंय मला. पर आत येऊ नको म्हणाल्याली मी, त्ये तर खरंच हुतं न्हवं?"

मी मान हलवली.

त्या आपल्या पाटावर बसल्या. चष्मा पुसला. मान वळवून दारातून बाहेर बघितलं. मागच्या घराच्या टाकीवर अजून ऊन होतं. मी मागे सरत सरत उंबरा ओलांडून बाहेर आले. सकाळी गाडी गेली तेव्हा सुनंदा घाईत होती आणि आक्का आधीच आत बसल्या होत्या, काचेमागे नुसता पदर दिसला. सांगलीहून पुढच्या पावसाळ्यात त्या गेल्याचा निरोप आला. त्यामुळे माझ्यापाशी त्यांचं शेवटचं म्हणून जे आहे ते त्या संध्याकाळचं : पाठमोरी ताठ बसलेली, समोर वाढलेलं ताट, त्यात लाल चटणी, दार उघडं.

मोरीपाशी पोहोचले तेव्हा मागून आवाज आला. मला नव्हता तो.

"अजून दिवस हाय, बाळा. बस. जेव."